उजेडातलं पान

४ सप्टेंबर

आलो एकदाचे. सामान वर चढवताना हमालाने कपाटाचा एक पाय मोडला आणि वर मलाच ऐकवलं की असली जड कपाटं आता कोणी ठेवत नाही. मी म्हटलं राहू दे, खाली वीट लावू. आणि खरंच, विटेवर ते कपाट आधीपेक्षा सरळ उभं राहिलं. मी इतकी खुशीत होते की भांडायचंसुद्धा सुचलं नाही, म्हणजे बघा.

दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. पुढच्या खोलीला उत्तरेकडे भिंतभर खिडकी आहे, दिवसभर एकसारखा उजेड येतो, डोळ्यांना न टोचणारा. खिडकीखाली लांबरुंद टेबल, ते घराबरोबरच मिळालं. खारूने आल्या आल्या त्याच्याखाली आपलं बिऱ्हाड थाटलं. खारू म्हणजे माझी लेक, वय वर्षं सात. गालात खाऊ साठवून ठेवायची सवय, म्हणून हे नाव पडलं ते पडलंच. तिचे बाबा बोटीवर असतात, वर्षातून दोनदा उगवतात. बाकी घरात आम्ही दोघीच.

नोकरी दाताच्या डॉक्टरांकडे. फोन उचलायचा, नंबर लावायचे, रडणाऱ्या पोरांना गप्प करायचं. दवाखाना दोन गल्ल्या सोडून आहे आणि शाळा त्याच्याही अलीकडे. खाली मालकीणबाई राहतात, पांढरे केस, नखांत रंग. त्या घरीच चित्रवह्यांचा वर्ग घेतात. मला बघताक्षणी म्हणाल्या की तुम्ही यायचंच. ताईने निघताना ही रोजनिशी हातात दिली होती, म्हणाली निदान ही तरी भर, तुझ्या अर्धवट वह्यांची रद्दी आईकडे अजून पडून आहे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, कारण ते खरं आहे.

८ सप्टेंबर

आज वही शिवली. माझ्या हातांनी, अख्खी. चार-चार जाड कागद एकात एक घालून मधोमध दुमडायचे, घडीवरून हाडाची पट्टी दाबून फिरवायची, झाली एक जुडी. अशा जुड्यांना टोच्याने भोकं पाडून मेण लावलेल्या दोऱ्याने एकमेकींना शिवायचं, मग पुठ्ठे, मग पाठीला कापड. चिकटवायला मैद्याची खळ, घरीच शिजवलेली. माझी वही जरा तिरकी झाली आहे. मालकीणबाई म्हणाल्या, पहिली वही सरळ झाली तर ती दुसऱ्याने केली असं समजावं.

वर्गाचे नियम दोनच. रोज वहीची एक बाजू भरायची, रंगाने, चिकटकामाने, कशानेही. आणि ती दिवे लागायच्या आत भरायची, कारण दिव्याखाली रंग फसवतात. मी हसत हसत विचारलं की एखादा दिवस बुडाला तर दंड काय. त्या म्हणाल्या दंड कसला, पान काही रिकामं राहत नाही. फक्त भरा, उरकू नका, एवढंच म्हणाल्या आणि दुसऱ्या कोणाची तरी खळ तपासायला गेल्या.

१५ सप्टेंबर

अजून एकही दिवस बुडालेला नाही. जिच्या विणायला घेतलेल्या स्वेटरला अजून एकच बाही आहे, ती मी. दवाखान्यातून सुटते, खारूला घेऊन घरी येते, चहा टाकते आणि टेबलाशी बसते. एका पानावर कपाचा गोल उमटला, त्याचा तलाव केला. दुसऱ्यावर नंबराच्या चिठ्ठ्यांचे तुकडे लावून जबडा केला. डॉक्टरांना दाखवला तर ते खो खो हसले आणि म्हणाले खालची दाढ मात्र चुकली आहे. खारू टेबलाखाली बसून पेन्सिलींना टोक करते आणि टरफलं मला वर देते, तीही मी चिकटवते. दिवसातला तो तासभर इतका माझा असतो की दुसऱ्या दिवशी डॉक्टर उगाच खेकसले तरी मनाला लागत नाही.

वर्गात माझ्या शेजारी पोस्टमास्तर बसतात. रिटायर होऊन जमाना झाला, पण सगळे अजून पोस्टमास्तरच म्हणतात. एकटेच असतात. त्यांच्याकडे भरलेल्या वह्यांचं कपाट आहे म्हणे. ताईला फोनवर सगळं सांगितलं तर म्हणाली पुढच्या महिन्यात बोलू. जळते मेली. मग खारूशी बोलली आणि दोघी माझ्यावर हसत बसल्या.

२० सप्टेंबर

परवा बुडाला. दवाखान्यात एकाला खुर्चीतच चक्कर आली, धावपळ झाली, घरी पोचले तोवर दिवे लागले होते. म्हटलं एका दिवसाने काय आभाळ कोसळतंय. काल सकाळी वही उघडली तर ते पान भरलेलं. खिडकीच्या पडद्याचा चौकोनी तुकडा, एक धागा न सुटता कापलेला, खळीने सपाट बसवलेला. खाली एकही बुडबुडा नाही. मला अजून तसं जमत नाही.

पडद्याला बरोबर तेवढंच भोक होतं. मी खारूवर इतकी ओरडले की माझाच घसा बसला. ती नाही नाही म्हणत राहिली आणि रडतच शाळेत गेली. दुपारी आठवलं, मोठी कात्री मी दवाखान्यात विसरले होते. घरात होती ती तिची बोथट कात्री, तिने साधा कागदही धड कापला जात नाही. येताना बिस्किटं आणली. तिने ती दोन्ही गालांत भरली आणि मला माफ केलं. पडदा कोणी कापला ते कळलेलं नाही.

२४ सप्टेंबर

परवा ताप होता. पान सोडायचं नाही म्हणून निळ्या रंगाचा एक पट्टा ओढला आणि अंथरुणात शिरले. सकाळी त्या निळ्यावर खारूच्या शाळेच्या फ्रॉकचं बटण शिवलेलं होतं. काल तापातच पुन्हा काहीतरी खरडलं. आज त्या पानावर वेणी होती. खारूची, डावी, रिबिनीसकट, नागमोडी ठेवून चिकटवलेली.

ती उठून बसली तर डावीकडचे केस कानापाशी संपलेले. तिला काही कळलंच नव्हतं. आरशात बघून म्हणाली, हे असेच होते ना आई.

वही घेऊन तशीच खाली गेले. मालकीणबाई पुठ्ठे कापत होत्या. त्यांनी पान उजेडाकडे धरलं आणि मांडणी सुरेख आहे म्हणाल्या. हे कोण करतं, मी विचारलं. हातातलं काम न थांबवता त्यांनी सांगितलं की तुम्ही उरकलंत की उरलेलं वही भरते. आणि ती उगाच काहीबाही घेत नाही. उरकलेल्या पानात तुमचा जीव नसतो, म्हणून तो जिथे असेल तिथून ती घेते. हे थांबवायचं कसं विचारलं तर माझ्याकडे बघून हसल्या, थांबवता कशाला, सराव छान चाललाय तुमचा.

२७ सप्टेंबर

ठरवलं, रोज जीव ओतून भरायचं. त्यात काय मोठंसं, इतके दिवस तेच तर करत होते. पण आता ब्रश उचलला की हात लाकडाचा होतो. आनंदाने केलेलं पान आणि धाकाने केलेलं पान, मला दोन्ही सारखीच दिसतात. वहीला फरक कळतो. काल दवाखान्यातून लवकर निघून बसले, झाडं काढली, एकेक पान वेगळ्या हिरव्याने. आज सकाळी त्या झाडांत एक दात होता.

दुधाचा नव्हे. नुकता आलेला, पुढचा, करवतीसारख्या कडेचा नवा दात. खारूला घेऊन दवाखान्यात धावले. डॉक्टरांनी हिरडीवर बोट फिरवलं, फोटो काढला आणि म्हणाले इथे दात आलेलाच नाही, येणारही नाही, मुळातच नाही. मी म्हटलं, आम्ही इथे आलो तेव्हा तुम्हीच तो बघितलात, किती सरळ आलाय म्हणालात. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी खारूला खुर्चीतून उतरवलं. मग म्हणाले दोन दिवस सुटी घ्या.

२९ सप्टेंबर

पोस्टमास्तरांकडे गेले. इतकी वर्षं वह्या भरतात, त्यांना काही उपाय ठाऊक असेल म्हणून. त्यांनी हौसेने कपाट उघडलं. एका वहीत हातमोजा, एकीत चष्म्याची काडी, मग केस, आधी काळे आणि पुढच्या वह्यांत करडे, मग नखं. मग एक कान. लहानसा, मोत्याची रिंग घातलेला.

कोणाचा, मी विचारलं. म्हणाले आठवत नाही हो, पण पान मात्र झकास साधलंय. त्यांच्या टेबलाशी दोन खुर्च्या होत्या, दोन्हींच्या गाद्या सारख्याच झिजलेल्या. निघताना विचारत होते पुन्हा कधी याल, घर फार मोठं वाटतं. मी जिन्यात बसून राहिले.

१ ऑक्टोबर

वही गॅसवर धरली. पुठ्ठ्याला धग लागते न लागते तोच आतून खारू किंचाळली, डोकं भाजतंय आई, डोकं. ओढून घेतली. तिच्या उरलेल्या केसांना जळका वास येत होता. मांडीवर घेऊन माफी मागत राहिले. कशाची, ते तिला कळलं नाही.

फाडताही येत नाही. प्रत्येक पान घडीपलीकडच्या दुसऱ्या पानाशी एक असतं, हे फाडलं की ते सुटतं. कशाबरोबर तिचं काय सुटेल काय माहीत. वही इथेच टाकून ताईकडे पळावं असंही वाटलं. पण मी लांब गेले तर रोजचं पान कोण भरणार, आणि कशाने.

३ ऑक्टोबर

काल माझी वेणी मुळापासून कापली आणि चिकटवली. लग्नातली अंगठी शिवली. घे म्हटलं, माझं घे, हवं तेवढं घे. सकाळी माझी वेणी आणि अंगठी टेबलाखाली पडलेली. पानावर खारूच्या डाव्या डोळ्याच्या पापण्या, एकेक केस शेजारी शेजारी, पंख्यासारखे पसरून.

माझा जीव माझ्यात नाहीच. वहीला ते माझ्या आधी कळलं.

शाळेत बाईंनी हजेरीत तिला हाकच मारली नाही म्हणे. खारूने स्वतःहून हात वर केला.

५ ऑक्टोबर

तीळ. उजव्या गालावरचा, जन्मापासूनचा, मी पहिला मुका घेतला तो तिथेच. कालच्या पानावर मधोमध, कातडीच्या चिमुकल्या गोलासकट. गालावर जखम नाही. गुळगुळीत.

ताईचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली एवढ्या घरात एकटीला करमतं का तुला. मी म्हटलं एकटी कुठे, खारू आहे की. तिने विचारलं कोण खारू, मांजर पाळलंस का.

फोन ठेवला आणि ढसाढसा रडले. मग रडत रडतच तिला समोर बसवली आणि समोरच्या पानावर काढली. मला रडताना बघून ती हसवायला लागली, तोंड वेडंवाकडं करून, दातातली फट दाखवून. तशीच काढली, हसताना, तोंड उघडं. हात चालला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आपोआप चालला. पाण्याचे रंग, वर खळीचा पातळ हात. ती आहे त्या पानावर, अख्खी.

६ ऑक्टोबर, रविवार

काही गेलेलं नाही. उठल्या उठल्या तिला तपासली, बोटं, कान, पायाची नखं. सगळं आहे.

आणि सुचलं. मूर्ख मी. खळ पाण्याने सुटते. वेणीच्या पानावर ओलं फडकं ठेवलं, थोपटलं, बोथट सुरीने कड उचलली. वेणी अलगद सुटून तळहातावर आली आणि मग तळहातावर काहीच नव्हतं. वळून बघते तर खारूच्या पाठीवर दोन वेण्या. दोन्ही.

पापण्याही आल्या. मग तीळ. तोही सुटला, तोही आपल्या जागी गेला. मी इतके मुके घेतले की ती वैतागली. देवा, जमतंय. जेवून घेते, मग दात.

६, दुपार

तिळाचं पान ओलं होऊन सुरकुतलं होतं. आजची बाजू पुढच्याच पानाच्या पाठीवर यायची, म्हणून म्हटलं वही आधी सपाट वाळू दे. मिटली. वर वजनाला इस्त्री ठेवली. हाताची सवय.

मध्ये बटर पेपर घालायचा असतो. ओल्या पानाला समोरचं पान चिकटतं, हे कालचं पोरही विसरत नाही. मी विसरले. आनंदात विसरले.

तिळाच्या पानासमोर तिचं चित्र आहे.

वही उघडली. दोन्ही पानांचं एकच पान झालंय. खारू आली, माझा हात ओढायला लागली, तोंडाकडे बोट. तिथे ओठांची रेघच नाही. सलग कातडी. नाकाने श्वास चालू आहे. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आवाज नाही.

६, नंतर

किटली ठेवली. वाफेवर खळ सैल होते. वाफ मुरेपर्यंत थांबावं लागतं, तोवर लिहितेय.

खाली जाऊन दार वाजवलं. मालकीणबाई आतूनच म्हणाल्या की त्या आपल्या पानाला बसल्या आहेत, उजेड आहे तोवर उठता येत नाही.

कोपरा सुटला. केसांच्या बाजूने जातेय, हळू. घाई केली तर कागद फाटेल. फाटला तर तिचा —

नाही. हळू.

६, ऊन उतरलं

कपाळ सुटलं. एक डोळा सुटला.

आजची बाजू याच कागदाच्या पाठीवर आहे. वाफेने लगदा झालाय. ब्रश टेकवला तर आरपार जाईल. वाळू द्यावा तर पुन्हा चिकटेल, कायमचा. आजचं पान किंवा तिचं तोंड. दोन्ही नाही. उजेड तेवढाच आहे.

तोंड. विचार करायचाच नाही. तोंड.

खारू टेबलाखाली नाही बसत आज. माझ्या मांडीला टेकून उभी आहे. नाक चोंदलंय तिचं रडून रडून. श्वास कमी पडतोय, माझ्या हातावर कळतंय. पुन्हा वाफ —

६

गाल सुटला. ओठाचा कोपरा. एवढीशी फट. तिने श्वास ओढला, शिट्टीसारखा आवाज आला. घे बाळा, घे.

समोरच्या घरात दिवा लागला.

पान रिकामं आहे. आता घेणार. काय घेईल — तिला धरून बसलेय, दोन्ही पायांत. एका हाताने लिहितेय. सगळं लिहून ठेवते. मी विसरले तरी वाचेन, उद्या वाचेन आणि शोधेन. उंची माझ्या कमरेएवढी. दोन वेण्या. तीळ उजव्या गालावर. पुढचा दात झाडांच्या पानावर आहे, तो सोडवायचा राहिलाय. पेन्सिलींना टोक करते. मी चिडले की मला हसवते. माझी आहे.

नाव आधी लिहायला हवं होतं. खारू हे लाडाचं. खरं, हजेरीतलं, तिच्या बाबांशी भांडून मीच ठेवलेलं —

तिचं नाव

तिच्या हातात पेन्सिल दिली. लिही म्हटलं, तूच लिही. तिने टोक कागदावर टेकवलंय आणि माझ्याकडे बघतेय, मी सांगेन म्हणून. सांगते बाळा. आत्ता होतं. जिभेवर आहे. थांब, मी तुला —